गुरुवारची टिकल्यांची रांग

१८ ऑगस्ट, मंगळवार

दवाखान्यातल्या नर्सबाईने ही वही दिली. म्हणाली, नवऱ्याचा हात कधी जास्त थरथरतो, कधी कमी, खातो किती, झोपतो कसा, ते लिहून ठेवत जा, डॉक्टरांना उपयोग होतो. मी म्हटलं, बाई, मी आठवीत शाळा सोडली, माझं अक्षर कुणाला लागणार नाही. म्हणाली, चालेल. चालेल तर चालेल.

हात वाईट. कॉफी बशीत आली. जेवण अर्धं. झोप माहीत नाही, मी स्वतः झोपले होते.

दुसरं काय लिहायचं? आज वेन्डलचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, काडतुसं भरायचा ओटा पुसायला घेतला तर प्रायमरचा डबा रिकामा. एकही टिकली नाही. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या पुंगळीच्या बुडात बसते ती टिकली, नखापेक्षा लहान. घोडा तिच्यावर आपटतो तेव्हा दारू पेटते. ती नसेल तर दारू, गोळी, पुंगळी सगळं असून बंदूक म्हणजे काठी. मी विचारलं, संपल्या कशा? म्हणाला, संपल्या. विचारलं, आणायला नकोत का? म्हणाला, बघू.

बघू काय बघू. जूनमध्ये शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत त्याचं नाव निघालंय. डोंगराच्या उत्तरेचा नर एल्क, सांबरासारखं मोठं हरीण. लोक म्हातारे होईपर्यंत अर्ज टाकतात आणि नाव निघत नाही. आणि डॉक्टर स्पष्ट म्हणाले आहेत की कंपवात पुढच्या वर्षी कमी होणार नाही, वाढेलच. म्हणजे हीच शेवटची शिकार. चोवीस ऑक्टोबरला सुरू. त्याच्या बापाच्या रायफलीची काडतुसं दुकानात येणं कधीच बंद झालं, घरीच भरावी लागतात. आणि दुसऱ्याच्या बंदुकीला हा हात लावत नाही. तर टिकल्या लागणारच.

२० ऑगस्ट, गुरुवार

मर्लच्या बंदुकांच्या दुकानात गेले. कपाट असं रिकामं की मागची भिंत दिसते. मर्ल म्हणाला, मार्चपासून लोकांना वेड लागलंय. आधी आजाराचं, मग दंग्यांचं, आता निवडणुकीचं. ज्याने आयुष्यात काडतूस भरलं नाही तोही येऊन टिकल्या मागतो. मी विचारलं, ते करतात काय त्यांचं? म्हणाला, जे टॉयलेट पेपरचं केलं तेच, तळघरात ठेवून वर बसतात.

गाडी गुरुवारी येते, आली तर. सकाळी रांग लागते. माणशी एक डबी. आज मी पोचले तोवर संपलं होतं.

घरी येऊन वेन्डलला सांगितलं. नुसतं हं म्हणाला. मग दोन वाट्या सूप आणि पाव खाल्ला. हात बरा होता. नवीन गोळी लागू पडत असावी.

२७ ऑगस्ट, गुरुवार

धुलाईघरातली माझी सकाळची पाळी सोबतच्या डॉलीला देऊन उजाडताना रांगेत. माझ्या आधी कितीतरी. खुर्च्या, थर्मास, घोंगड्या घेऊन बसलेले, जणू जत्रा. पुढे एक टोपीवाला, त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे त्याची सासू वॉकर धरून उभी. प्रत्येकी एक डबी. मी म्हाताऱ्या बाईला विचारलं, आजी, तुम्ही कुठली बंदूक चालवता? म्हणाली, बाळ, मला वाटलं मला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेतायत.

टोपीवाला माझ्याकडे रागाने बघत राहिला. बघ म्हटलं.

माझा नंबर आला तेव्हा पिस्तुलाच्या लहान टिकल्या उरल्या होत्या. आमच्या कामाच्या नाहीत. तरी घेतली डबी. आता सगळे असंच करतात, जे मिळेल ते घ्यायचं, मग कुणाशी तरी बदलायचं. तळघरात पिठाच्या पोत्यामागे ठेवली. ती काही साठेबाजी नाही, ती बदलायला आहे.

हात: सकाळी वाईट, मी कामाच्या टिकल्या न मिळता परत आल्यावर बरा.

३ सप्टेंबर, गुरुवार

गाडी आलीच नाही. मर्लने दारावर पाटी लावली होती पण तिच्याकडे न बघता लोक उभेच. एकजण म्हणाला, आत लपवून ठेवलंय, ओळखीच्यांना देतो. मर्ल बाहेर आला आणि म्हणाला, या, शोधा, सापडलं तर मलाही द्या. तीनजण खरंच आत गेले.

वेन्डल अंगणात गाजरं उपटत बसला होता. गाडी आली नाही म्हटल्यावर म्हणाला, जाऊ दे नोरी, ऊन चांगलं आहे, बस जरा. माझं डोकं फिरलं. मी त्याच्यासाठी पहाटे उठून मरते आणि हा ऊन बघतो.

१० सप्टेंबर, गुरुवार

मिळाली. मर्लने खोकं उघडलं, मी डबीवर 'मोठ्या' वाचलं आणि मागच्या माणसाचा हात माझ्या खांद्यावरून येत होता तो कोपराने बाजूला सारला. रायफलीला मोठ्याच लागतात, एवढं मला कळतं.

वेन्डलसमोर डबी ठेवली. त्याने उचलली, उलटसुलट केली, बराच वेळ वाचली. मग म्हणाला, छान. ठेव ओट्यावर.

छान. एवढंच. मी म्हटलं, आज भरूया का? म्हणाला, आज पाठ दुखते.

हात फार वाईट. रात्रीचं जेवण तसंच ठेवलं.

१३ सप्टेंबर, रविवार

म्हणाला, हवेत दमटपणा आहे, टिकल्यांना मानवत नाही. महिना झाला पाऊस नाही, आणि दमटपणा म्हणे.

१७ सप्टेंबर

म्हणाला, ओट्यावरचा दिवा मंद आहे. दिवा बदलला. म्हणाला, आता डोळ्यात जातो.

२० सप्टेंबर, रविवार

आज त्या डबीचं पितळ उघडं पडलं. शेजारचा लॉइड पिस्तुलाच्या लहान टिकल्या बदलून मागायला आला, पण त्याच्याकडच्याही आमच्या कामाच्या नव्हत्या. हा लॉइड वेन्डलबरोबर शाळेपासून शिकारीला जातो, आमच्या घरात न विचारता फ्रिज उघडतो. ओट्यावरची डबी बघून हसायला लागला. म्हणाला, नोरीन, ही मोठी आहे पण पिस्तुलाची मोठी. रुंदी तीच, उंचीने बुटकी, पत्राही पातळ. पुंगळीत बसेल बरोबर आणि मग रायफलीच्या दाबाने फुटेल. तोंडाजवळ रायफल धरून असला खेळ करायचा नाही.

मी म्हटलं, डबीवर बंदुकीचं चित्रच नाही तर मला काय कळणार. लॉइड म्हणाला, तुला नाही, पण याला? हा तर डोळे मिटून ओळखेल.

वेन्डल खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, अलीकडे बारीक अक्षर दिसत नाही.

पण वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी बरोबर दिसते, तीही लांबून. लॉइड गेल्यावर मी त्याला चार शब्द सुनावले. हातांबरोबर डोळेही गेले असतील तर नर्सला सांगायला हवं. डोळे: वाईट. लिहून ठेवलं.

२४ सप्टेंबर, गुरुवार

रांग. रिकामे हात. रांगेत मारामारी झाली, दोन मोठे बाप्ये मास्क लावून एकमेकांची कॉलर धरून. मर्लने पाण्याची नळी सोडली.

१ ऑक्टोबर, गुरुवार

रांग. मागच्या बाईने विचारलं, कशासाठी? म्हटलं, नवऱ्याच्या शेवटच्या शिकारीसाठी. ती म्हणाली, किती छान, किती प्रेम. मी म्हटलं, प्रेमबिम नाही, फ्रीझर रिकामा आहे.

नाही मिळाल्या. घरी मटण-बटाटे केले होते, वेन्डलने दोनदा वाढून घेतलं आणि चक्क शीळ घातली. लाज नाही. डोंगर तीन आठवड्यांवर आलाय आणि हा शीळ घालतो. हात: चांगला. कप एका हाताने धरला.

४ ऑक्टोबर, रविवार

आता एकच जागा उरली होती आणि तिथे जायची मला लाज वाटत होती. गस वारला जुलैमध्ये. गावातला सगळ्यात मोठा काडतुसांचा ओटा त्याचा. तो गेल्यापासून गावातले पुरुष एकेक करून त्याच्या बायकोकडे, ऑपलकडे जातात, टोपी हातात घेऊन बसतात, गस किती चांगला होता म्हणतात, आणि मग विचारतात, त्या ओट्याचं काय करणार म्हणताय? ऑपलने दारात बसायची खुर्चीच काढून टाकली, ऐकलंय.

मी हॅम-बटाटे भाजून डबाभर घेऊन गेले. ऑपलने दार उघडून डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूही?" म्हणाली.

मी म्हटलं, हो, मीही. खोटं कशाला बोलू. वेन्डलच्या नावाची सोडत लागली आहे, त्याच्या टिकल्या संपल्यात, एक डबी असेल तर दे, नसेल तर डबा ठेवून घे, तो तसाही तुझाच.

तिने मला आत बसवलं. कॉफी ओतली. मग म्हणाली, "संपल्या नाहीत त्याच्या. गसला पुरल्यावर त्याच आठवड्यात घेऊन आला होता. दोन डब्या. म्हणाला, गसच्या सामानाबरोबर विकून टाक, पैसे तुला ठेव, मला आता लागणार नाहीत."

मी म्हटलं, कुणाच्या? म्हणाली, वेन्डलच्या. मी परत विचारलं. परत तेच.

"गसचं सगळं गेलं," ऑपल म्हणाली. "बिलिंग्ज शहरातून एकजण ट्रक घेऊन आला होता. पण त्या दोन मी बाजूला ठेवल्या. मातीच्या आठवड्यात माणूस काहीबाही बोलतो, त्याला शब्दात पकडायचं नसतं."

डब्या आणून माझ्या मांडीवर ठेवल्या. रायफलीच्या, मोठ्या, बरोबर त्या. मी दीड महिना पहाटे थंडीत ज्या शोधत होते त्या.

गाडीत बसून बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

४ ऑक्टोबर, परत

वरचं लिहून झालं पण उरलेलं लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. नर्सला हे पान दाखवणार नाही.

दोन्ही डब्या त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. म्हटलं, ऑपलने पाठवल्यात, तुझ्या आहेत म्हणे. आता हा काही तरी सांगेल, दिवा, दमटपणा, पाठ. मी वाट बघत होते, काय सांगतो ते.

म्हणाला, "मे महिन्यात लॉइडबरोबर नेम तपासायला गेलो होतो. तो निशाण्याचा कागद बदलायला पुढे गेला. मी रायफल तिथल्या टेबलावर टेकवलेली. हात सुटला. नळी त्याच्याकडे वळली नोरी, आणि मला ती परत वळवता येईना."

मी विचारलं, भरलेली होती?

"भरलेली होती."

लॉइडला माहीत आहे का म्हटलं. नाही म्हणाला. म्हणाला, लॉइड परत आला तेव्हा मी काडतुसांचा डबा मुद्दाम खाली पाडला आणि वेचत बसलो. त्यानंतर रायफलीला हात लावला नाही.

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही. मला सांगायला तोंड नव्हतं का? उत्तर नको देऊस, पण मला थंडीत त्या टोपीवाल्याच्या सासूमागे उभं का केलंस? पिस्तुलाची डबी हातात घेऊन छान कशाला म्हणालास?

तो म्हणाला, "तू थर्मास भरून निघायचीस ना, तू परत येईपर्यंत मलाही वाटायचं की मी जाणार आहे."

मी त्याला मूर्ख म्हटलं. मग भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली.

६ ऑक्टोबर, मंगळवार

बोलले नाही. तोही बोलला नाही. हात मध्यम.

८ ऑक्टोबर, गुरुवार

सवयीने पहाटे उठले, थर्मास भरला, मग आठवलं. स्वयंपाकघरात बसून मीच कॉफी प्यायले. रांगेला गेले नाही तर करायला काही सुचेना. विचित्र.

लॉइडला सांगितलं वेन्डलने, माझ्यासमोर. लॉइडने डोकं खाजवलं. मग म्हणाला, एवढी वर्षं तुझ्याबरोबर हिंडलो, तू मला त्याआधीही दोनदा मारणार होतास, तेव्हा हात ठीक होता. मग फ्रिज उघडून ॲपल पाय काढून खाल्ला. उभ्याउभ्या.

११ ऑक्टोबर, रविवार

वेन्डल म्हणाला, टिकल्या आल्याच आहेत तर पुंगळ्या भरून ठेवू, माल चांगला आहे. मी म्हटलं, कुणासाठी? म्हणाला, ठेवू.

या ओट्यावर लग्नापासून मला फडकं मारायचीच परवानगी होती. आज मी खुर्चीत आणि हा शेजारी स्टुलावर. यंत्राचा दांडा ओढायचा, पुंगळी दाबून आकारात आणायची. मग टिकली बसवायची, ती बोटाने चाचपायची, वर राहिली तर चालत नाही. दारू तोलायची. ओट्यावर एका वेळी दारूचा एकच डबा, दुसरा डबा खोलीतसुद्धा नको. हे त्याने इतक्यांदा सांगितलं की मी म्हटलं, माझे कान आहेत की नाहीत. त्याने स्वतः एकदा चमच्याने दारू घालून बघितली, सगळी ओट्यावर. झाडूनही घेऊ दिली नाही मला, आपणच बोटाने गोळा करत बसला.

मग म्हणाला, "जरा हलकी भरू. तुझ्या खांद्याला दणका बसेल नाहीतर."

मी म्हटलं, माझा खांदा कुठून आला मध्ये? तो सगळ्या भरून होईस्तोवर शीळ घालत होता.

१७ ऑक्टोबर, शनिवार

बाप्ये मला न विचारता कामं करतात. मर्लकडून माझ्या नावाचा परवाना काढून आणला वेन्डलने. उत्तरेच्या नराचा नाही, ती सोडत त्याच्या नावाची, दुसऱ्याला देता येत नाही, ती गेलीच वाया. माझ्या परवान्यावर खालच्या कुरणातली मादी चालते. म्हणजे कितीएक वर्षं वाट बघितलेला डोंगर सोडून माझ्यासाठी गाईगुरांच्या कुरणात.

मी म्हटलं, मी लहानपणी बापाच्या शेतात बिळातल्या खारी मारल्यात, एल्क नाही. एल्क घोड्याएवढा असतो. म्हणाला, मग नेम चुकायला जास्त जागा आहे का कमी?

लॉइडबरोबर जाऊन कागदावर थोड्या मारून आले. कागदाला लागल्या. खांदा दुखतो. हलकी भरली म्हणे.

पिस्तुलाच्या दोन्ही डब्या ऑपलकडे देऊन आले. तिच्याकडे आता कुणी आला तर तिने त्यांना विचारावं की तूही का, आणि मग द्यावी की नाही ते तिचं तिने ठरवावं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

अंधारात निघालो. बर्फ घोट्यापर्यंत. मी रायफल घेतली, त्याने दुर्बीण आणि सँडविचेस. कुंपणापाशी गाडी सोडून ओढ्याच्या कडेने चढलो. तो हळू चालतो, त्यामुळे मीही. धाप लागली की बर्फावरच्या खुणा बघायचं सोंग करतो. मलाही लागली होती.

उजाडताना कुरणाच्या काठाशी पालथी पडले, रायफल पिशवीवर टेकवलेली. तो शेजारी. बऱ्याच वेळाने झाडीतून निघाले. मला आधी वाटलं झुडपं हलतायत. मग मान दिसली.

वेन्डलने दुर्बीण डोळ्याला लावली. नुसती हलत होती ती, टकटक टकटक त्याच्या चष्म्यावर. खाली ठेवली. परत लावली. परत ठेवली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सांग काय दिसतंय."

मी म्हटलं, माद्या आहेत.

"किती? पुढची कशी आहे?"

म्हटलं, पुढची मोठी आहे, म्हातारी, कान सारखे हलवते. मागे दोन पिल्लं यंदाची. एक खाली बसलंय. ती म्हातारी आता ओढ्याकडे बघते. नाही, आपल्याकडे. नाही, ओढ्याकडेच. तो विचारत होता, रंग? म्हटलं, मानेला काळसर, बुडाला फिकट, दव पडल्यासारखी पाठ. श्वास दिसतो का? दिसतो. त्या पाठीमागे कोण? मी नळीवरून सगळा कळप बघून घेतला. म्हटलं, पाठीमागे आणखी एक आली, ती लंगडते जरा. कुठल्या पायाने? डाव्या. मागच्या? मागच्या.

एक मादी अगदी आडवी उभी होती, कागदावरच्या चित्रासारखी. बोट चापावर होतं माझं. आणि याचं चाललंय, आता काय करते, आता कुठे बघते. मी सांगत बसले. त्याला काय, मिटलेल्या डोळ्यांनी पडला होता बर्फात, मान हलवत. तोंडावर असं काही होतं की त्याला गप्प बस म्हणवेना.

सांगता सांगता गेले सगळे झाडीत. एकही काडतूस उडवलं नाही. दीड महिना रांगेत उभी राहिले, कोपर मारला, ऑपलपुढे लाज सोडली, आणि जनावरावर एक टिकली फुटली नाही. त्याच्या बडबडीमुळे. म्हटलंही त्याला तसं. हसत सुटला, बर्फात बसून, इतका की सँडविच हातातून पडलं.

फ्रीझर रिकामा आहे. खांदा आखडलाय. उद्या परत जायचंय. उद्या तोंड मिटून पडून राहायचं, असं त्याच्याकडून वदवून घेतलंय. राहणार नाही तो.